वारुळावरची अळंबी: सगळ्या कळ्या खुडू नका

आषाढ-श्रावणात कोकणात आणि गोव्यात वारुळांवर उगवणारी अळंबी महाग असते, कारण धिंगरीसारखी ती पिशवीत पिकवता येत नाही. तिची शेती वाळवी करते. या अळंबीच्या गटाला १९४२ साली टर्मिटोमायसिस हे शास्त्रीय नाव मिळालं.

वाळवीला लाकूड आणि पाचोळा पुरता पचत नाही. कामकरी वाळवी तो चावून गिळते आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेचा स्पंजासारखा सच्छिद्र पोळा वारुळात रचते. त्यावर या अळंबीची बुरशी वाढते, लाकडातला लिग्निन हा चिवट घटक फोडते आणि जुना झालेला पोळा वाळवी खाते. पोळ्यावर दिसणारे मोहरीएवढे पांढरे दाणे हेही तिचंच अन्न. वाळवी राबती आहे तोवर पोळ्यात दुसरी बुरशी फारशी माजत नाही. पोळा बाहेर काढून ठेवला, तर काही दिवसांतच झायलेरिया ही दुसरी बुरशी त्याचा ताबा घेते.

पावसात जमीन भिजली की पोळ्यातून दांडा वर निघतो. पुष्कळ जातींत छत्रीला टोक असतं, तेच माती भेदतं. जमिनीखाली मुळासारखा लांब दांडा थेट पोळ्यापर्यंत जातो. मायक्रोकार्पस ही इवलीशी जात वेगळी. तिला हे मूळ नसतं, वाळवीनं बाहेर आणून पसरलेल्या पोळ्याच्या भुग्यावर ती शेकड्यांनी उगवते.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या पावसात पंखवाली वाळवी उडते, जोड्या नवीन घर मांडतात. आपल्याकडच्या ओडोंटोटर्मिस वाळवीच्या नव्या घरात तेव्हा बुरशी नसते. काही काळानं पहिल्या कामकरी बाहेर पडतात आणि पाचोळ्याबरोबर बीजाणू, म्हणजे बुरशीचे बीसारखे सूक्ष्म कण, घरी आणतात. हे बीजाणू उमललेल्या छत्रीखालच्या पापुद्र्यांतून गळतात. बाजारात भाव मात्र मिटलेल्या कळ्यांना! वारुळावरची प्रत्येक कळी खुडली, तर तिथून एकही बीजाणू सुटत नाही. म्हणून काही छत्र्या पूर्ण उमलू द्याव्यात. खुडताना दांडा मातीलगत धारदार सुरीनं कापावा. कुदळ घातली की पोळा फुटतो आणि त्या वारुळाची अळंबी बुडते.

ओळखीची खात्री नसेल, तर एक नमुना मात्र बुडाशी माती हलकेच बाजूला करून पाहावा. तळाशी पिशवीसारखं आवरण असेल तर हात लावू नका. अमॅनिटा या विषारी अळंब्यांची ती खूण आहे आणि कापताना नेमकी तीच जमिनीत राहते. मग छत्री कापून, पापुद्रे खाली करून, अर्ध्या पांढऱ्या-अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी आणि वाटीखाली रात्रभर झाकावी. गळलेल्या बीजाणूंचा कागदावर ठसा उमटतो. टर्मिटोमायसिसचा ठसा फिकट गुलाबी असतो, अमॅनिटाचा पांढरा. हिरवट उमटला तर ती गवतात येणारी विषारी क्लोरोफायलम. ती खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. एकट्या ठशावर भिस्त ठेवू नये. वारूळ, मूळ, पापुद्रे, ठसा सगळं जुळलं आणि जाणकारानंही होकार दिला, तरच खावं.

विषारी अळंबीनं चांदीचा चमचा काळा पडतो, किडीनं खाल्लेली अळंबी चालते, या समजुती जीवघेण्या आहेत. प्राणघातक अमॅनिटांचं विष शिजवूनही जात नाही. त्रास सहसा सहा ते बारा तासांनी सुरू होतो, मग थोडा उतार पडल्यासारखा वाटतो आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेलं असतं. शंका येताच, उरलेली अळंबी सोबत घेऊन, रुग्णालय गाठावं.

खात्रीची अळंबी त्याच दिवशी माती धुऊन, नीट शिजवून खावी. उमललेली फार लवकर नासते.