डेटा गळती : व्यवसायांचे कायदेशीर दायित्व

व्यवसायाने जमवलेली लोकांची वैयक्तिक माहिती चोरीस गेली, उघड झाली किंवा नष्ट झाली, तर त्याबद्दल त्याच्यावर येणारी कायद्याची जबाबदारी. गळती कळवण्याचे बंधन, नियामकाचा दंड आणि बाधितांना भरपाई अशी तिची रूपे आहेत.

हे दायित्व मुळात कशातून निघते, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ते ग्राहकाशी झालेल्या करारात शोधतात, काही निष्काळजीपणाच्या अपकृत्यात (करार नसतानाही भरपाई द्यावी लागते अशा दिवाणी चुकीत). तिसरा पक्ष ‘रायलंड्स विरुद्ध फ्लेचर’ (१८६८) या इंग्लिश निवाड्याकडे बोट दाखवतो. एका गिरणीमालकाने ठेकेदारांकडून तलाव बांधून घेतला; तळाशी जुन्या खाणीची बुजलेली विवरे होती आणि त्यांतून पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरले. मालकाची स्वतःची हयगय नव्हती, तरी निसटल्यास अपाय करील अशी वस्तू जमवणाऱ्यानेच जोखीम उचलावी, असे ठरले. माहितीचा साठा हा असाच तलाव, असा हा युक्तिवाद. न्यायालयांनी तो सहसा उचललेला नाही. मात्र साठा किती करायचा हे व्यवसायच ठरवतो, बाधित व्यक्ती नव्हे, हा त्यातला मुद्दा खोडणे अवघड आहे.

गळती कळवण्याची सक्ती करणारा पहिला कायदा म्हणून सामान्यतः कॅलिफोर्नियाचा (अंमल १ जुलै २००३) उल्लेख होतो. युरोपीय संघाच्या २०१८पासून लागू असलेल्या नियमावलीत नियामकाला कळवण्यास ७२ तासांची मुदत आहे.

दायित्व ठरवताना बहुधा ‘वाजवी काळजी’ घेतली होती का, हे पाहतात. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीच्या २०१७च्या प्रकरणात सॉफ्टवेअरमधील त्रुटीची सूचना मार्चमध्येच मिळाली होती, दुरुस्तीही उपलब्ध होती. ती एका पोर्टलवर बसवली गेली नाही. सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली आणि २०१९मध्ये किमान ५७.५ कोटी डॉलरची तडजोड झाली.

भरपाईत खरा वाद ‘हानी’ कशाला म्हणायचे याचा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ट्रान्सयुनियन विरुद्ध रामिरेझ’मध्ये (२०२१) केवळ भावी धोका भरपाईच्या दाव्याला पुरेसा मानला नाही. युरोपीय न्यायालयाने मात्र डिसेंबर २०२३मध्ये बल्गेरियाच्या कर खात्यासंबंधी निवाड्यात, गैरवापराची साधार भीतीही अमूर्त हानी ठरू शकते आणि सुरक्षा पुरेशी होती हे माहिती बाळगणाऱ्यानेच सिद्ध करावे, असे म्हटले. कुलूप कसे होते हे बाधिताला बाहेरून दिसत नाही; त्यामुळे सिद्धिभाराची ही वाटणी अधिक न्याय्य वाटते.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मध्ये बाधिताला भरपाईची तरतूद होती. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते वगळण्याचे ठरवले. नव्या कायद्यात सुरक्षेतील कसुरीस २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण ती रक्कम भारताच्या संचित निधीत जाते.

कर्मचाऱ्याने आकसाने केलेल्या गळतीबद्दल मालकावर प्रातिनिधिक दायित्व (दुसऱ्याच्या कृत्याची जबाबदारी) येते का, या प्रश्नावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉरिसन्स या सुपरमार्केट कंपनीच्या प्रकरणात (२०२०) कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तत्त्वतः असे दायित्व येऊ शकते, ही वाट मात्र खुली ठेवली.