जाळून काढणं आणि कापून काढणं: त्वचेच्या कॅन्सरमध्ये फरक कुठे पडतो

नाकाच्या कडेला काळसर मस्सा वाढतो. कड जराशी उंच, मोत्यासारखी चमकणारी. मधूनच खपली निघते, रक्ताचा ठिपका येतो, पुन्हा खपली धरते. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत नाहीतर शिरपूरकडच्या कापसात आयुष्यभर उन्हात राबलेल्या माणसाला त्याचं विशेष वाटत नाही. आधी चुना-पापडखार लावून होतो, कुणी बिब्बा घालतो, आणि मग दवाखान्यात येतानाच तो ठरवून येतो: "डॉक्टर, जाळून टाका."

ही मागणी लगेच मान्य करू नये. जाळणं आणि कापणं, दोन्हींत तेवढ्याच जागेला भूल देतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात, आणि दोन्हींनंतर मस्सा दिसेनासा होतो. म्हणून लोकांना ते एकच वाटतं. पण कापलेला भाग तपासायला जातो. जळालेल्या भागाचं तपासण्यासारखं काही उरतच नाही. बेसल सेल कॅन्सर म्हणजे कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी सुरू होणारा कॅन्सर. आपल्या सावळ्या कातडीवर तो बऱ्याचदा काळाच दिसतो, त्यामुळे तीळ किंवा चामखीळ समजून तो जाळला जाण्याची भीती इथे जास्त. आधी तुकडा काढून तपासणी, मग उपचार. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळंच अवघड होतं.

जाळणं हा चुकीचा उपचार नव्हे. पाठीवर किंवा दंडावर असलेल्या लहान, वरवरच्या बेसल सेल कॅन्सरला तो चालतो, मात्र तुकड्याचा रिपोर्ट हातात असावा. पद्धतही नुसती कॉटरी, म्हणजे विजेने जाळण्याचं अवजार, फिरवण्याची नाही. कुरेट नावाच्या, गोल धारदार कडेच्या अवजाराने गाठ खरवडतात. कॅन्सरचा भाग मऊ असतो, पटकन सुटून येतो. खालची निरोगी कातडी कडक, खरखरीत लागते. हाताला लागणारा हा फरक हाच डॉक्टरचा नकाशा. खरवडायचं, तळ जाळायचा, असं साधारण तीनदा करतात. खरवडताना खालची चरबी लागली तर तिथेच थांबून कापण्याकडे वळावं लागतं, कारण चरबीही मऊच, मग हाताला काही कळत नाही. दाढीत आणि डोक्यावर ही पद्धत टाळतात. तिथे कॅन्सर केसांच्या मुळांबरोबर खाली उतरलेला असू शकतो. द्रव नायट्रोजनने गोठवण्यालाही हीच मर्यादा आहे. शिवाय रंगपेशी थंडीने लवकर मरतात, म्हणून सावळ्या चेहऱ्यावर पांढरा डाग राहतो.

कापताना गाठीभोवती निरोगी दिसणारी कातडीही काढावी लागते. कमी धोक्याच्या बेसल सेलला साधारण 4 मिमी, तशाच स्क्वॅमस सेलला (कातडीच्या वरच्या चपट्या पेशींच्या कॅन्सरला) 4 ते 6 मिमी. पेनने आधी गाठीची कड आखतात, मग हे अंतर मोजून बाहेरची रेघ, आणि भूल त्यानंतर. सुईने कातडी फुगली की कड नीट दिसत नाही. काढलेल्या तुकड्याच्या एका टोकाला दोरा बांधतात, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला (तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरला) वरची बाजू कळते. हा दोरा विसरला आणि रिपोर्टमध्ये "एका कडेला कॅन्सर आहे" असं आलं, तर नेमकी कोणती कड पुन्हा कापायची हे सांगता येत नाही. तुकडा रुंद तोंडाच्या बाटलीत, त्याच्या दहापट तरी 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात) ठेवतात. सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा नासतो. नाक, पापणी, ओठ, कान, किंवा एकदा काढून परत आलेली गाठ, इथे जाळण्याचा विचार सहसा करू नये. कडा मोकळ्या आहेत की नाहीत याची शंका असेल, तर कातडी फिरवून जखम झाकण्याची घाईही नको.

दोन ठिकाणी तर जाळणं घातकच. तळपायावरचा काळा डाग कुरूप (भोवरी) समजून जाळला आणि तो मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, निघाला, तर त्याची खोली मोजायची संधी जाते. आणि पुढचं सगळं खोलीवरच ठरतं: 1 मिमीपर्यंत असेल तर भोवतीची 1 सेंमी कातडी, 2 मिमीपेक्षा जास्त असेल तर 2 सेंमी, शिवाय जांघेतल्या लसग्रंथींची तपासणी करायची का तेही. दुसरं म्हणजे चुलीवर किंवा शेकोटीत भाजलेला जुना व्रण. अनेक वर्षांनी तो फुटला, कडा उचलल्या, वास येऊ लागला, तर तिथे स्क्वॅमस कॅन्सर असू शकतो. एका जागेचा तुकडा पुरत नाही, कडेच्या दोन-तीन जागांचे घ्यावे लागतात.

"शेक" मात्र तिसराच प्रकार. ते किरणोपचार, बहुधा काही आठवडे रोज थोडे थोडे. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वयस्कर माणसांना उपयोगी. कॉटरीशी त्याचा संबंध नाही.

जखमेचाही हिशोब वेगळा. कापलेल्या जागेचे टाके चेहऱ्यावर 5 ते 7 दिवसांत निघतात, पाठीवर आणि पायावर 10 ते 14 दिवसांत. जाळलेली जागा उघडीच भरत येते, त्याला महिना-दीड महिना लागतो. तोवर तिच्यावर व्हॅसलीनचा थर आणि स्वच्छ पट्टी हवी. हळद, राख, तंबाखू काही लावू नये. मे महिन्याच्या घामात पट्टी रोज बदलावी, केळीचा चीक आणि शेणाची धूळ यांपासून जपावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं, स्वतःहून बंद करू नये.

रिपोर्ट घ्यायला जाल तेव्हा दोन ओळी शोधा: कॅन्सरचा प्रकार, आणि कडा मोकळ्या आहेत का. पुढच्या उपचारासाठी नाशिक-मुंबईला जायचं ठरलं, तर नुसता कागद पुरत नाही. लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. तिथले डॉक्टर तेच पुन्हा तपासतात.