डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील राज्य विद्यापीठ. स्थापना २३ ऑगस्ट १९५८. उद्घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. पहिले कुलगुरू सुं. रा. डोंगरकेरी. मूळ नाव मराठवाडा विद्यापीठ. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन आजचे नाव मिळाले. या दोन तारखांमधला इतिहास विद्यापीठाच्या आवारात जितका घडला, त्याहून अधिक मराठवाड्यातल्या गावांमध्ये आणि वस्त्यांमध्ये घडला.

निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागे. तिथल्या उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ची, आणि शिक्षण उर्दूतून. घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला कॉलेज दोन अर्थांनी परके होते, अंतराने आणि भाषेने. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि दोनच वर्षांत त्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले.

त्याआधीच शेजारी एक मोठे काम उभे राहिले होते. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी त्याच्या इमारतीची कोनशिला बसवली. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले आणि परिसर नागसेनवन म्हणून. ‘मिलिंदपन्हो’ या बौद्ध ग्रंथात राजा मिलिंद प्रश्न विचारणारा, भिक्खू नागसेन उत्तरे देणारा. विद्येच्या जागेला याहून नेमकी नावे सापडणे कठीण. गावकुसाबाहेरची मुले वसतिगृहात राहून इथे शिकली, आणि दलित साहित्याच्या पहिल्या पिढीतल्या अनेकांची लेखणी याच परिसरात घडली. विद्यापीठ वसले ते याच नागसेनवनाच्या शेजारी, औरंगाबादच्या बौद्ध लेण्यांच्या डोंगरपायथ्याशी. बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाला द्यावे ही मागणी या मातीतून आलेली होती, हे नामांतराचा विचार करताना विसरता येत नाही.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला. त्यानंतर मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, कित्येक कुटुंबांनी गाव सोडले. ज्यांची झोपडी जळाली त्यांतल्या बहुतेकांच्या घरातले कोणी विद्यापीठाची पायरीही चढलेले नव्हते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची याच काळात हत्या झाली. ते मातंग समाजाचे होते, आणि त्यांचे नाव नामांतराच्या शहिदांमध्ये आदराने घेतले जाते. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे, की ‘मराठवाडा’ ही मुक्तिसंग्रामाने कमावलेली ओळख आहे, ती पुसली जाऊ नये. प्रदेशाची ती भावना खरी होती. पण जळालेल्या वस्त्यांचे उत्तर तिच्यात सापडत नाही. तिथे जातीचा राग होता.

ठरावाची अंमलबजावणी सोळा वर्षे लांबली. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने लाँगमार्च निघाला. समाजवादी आणि डाव्या चळवळीतले कार्यकर्तेही नामांतरासाठी सत्याग्रह करून तुरुंगात गेले. १९९३ मध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. शेवटी १९९४च्या मकरसंक्रांतीला मुख्यमंत्री शरद पवार यांच्या सरकारने जुने नाव कायम ठेवून त्याला बाबासाहेबांचे नाव जोडले. म्हणूनच सरकारी भाषेत हा ‘नामविस्तार’ आहे. लोक मात्र आजही ‘नामांतर’च म्हणतात, आणि लढा नामांतराचा होता म्हणून तो शब्द त्यांना शोभतो.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि जुन्या विद्यापीठाचे क्षेत्र विभागले गेले. आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत. धाराशिव येथे उपपरिसर आहे.

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी गर्दी लोटते. ‘गेट’ एवढे म्हटले तरी कोणते गेट, हे या शहरात सांगावे लागत नाही. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, निळे झेंडे, खांद्यावर लेकरे घेतलेले बाप. आल्याआल्या माणसे आधी गेटपुढे हात जोडतात, मग सभेच्या मांडवाकडे वळतात. रस्त्याच्या कडेला पुस्तकांचे स्टॉल लागतात. निरक्षर आजी नातवाला पुस्तक घेऊन देताना तिथे दिसते. आधी पहिल्या पानावरचा बाबासाहेबांचा फोटो बघते, मगच पदराची गाठ सोडते.