ट्यूबलाइट, भिंत आणि कोपरा

दोन भिंती मिळतात तिथे थोडी सावली साचते, आणि त्या सावलीमुळेच आपल्याला कोपरा दिसतो. १९६३ साली डॅन फ्लेविन या अमेरिकन कलाकाराने नेमकी तिथेच आठ फुटी गुलाबी ट्यूब उभी केली. सावली गेली आणि तिच्याबरोबर कोपराही विरघळला. दुकानात मिळते तीच ट्यूब, तीच पट्टी. एखाद्या जागेसाठीच केलेली प्रकाशाची मांडणशिल्पं आज प्रदर्शनांमधून सर्रास दिसतात, त्यांच्या मुळाशी असले साधे उद्योग आहेत.

प्रकाश कलेत आधीच आला होता, पण यंत्राच्या अंगाने. १९३० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मोहोली-नॉज या हंगेरियन कलाकाराने मोटरवर फिरणारं धातूचं यंत्र ठेवलं, त्याच्या सावल्या भिंतींवर सरकायच्या. १९५१ च्या मिलान त्रिएनालेत, म्हणजे दर तीन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनात, लुचिओ फोंताना या इटालियन कलाकाराने जिन्यावर निऑनच्या नळीचा प्रचंड वेटोळा टांगला. तो जिना डोळ्यांसमोर ठेवूनच केलेला असल्याने खरी सुरुवात मी तिथूनच धरतो.

फ्लेविनने मात्र वळणं घेणारं निऑन घेतलं नाही. निऑनची नळी कारागिराकडून वाकवून घ्यावी लागते, ट्यूब दोन, चार, सहा, आठ फूट अशा ठरलेल्या मापातच येते. त्यामुळे करामत ट्यूबमध्ये नाही, ती लावायची कुठे यात आली. हा माणूस एके काळी न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत पहारेकरी होता. रिकाम्या दालनांकडे तासन्‌तास बघत उभं राहण्याचा सराव त्याला असणारच, असं मला आपलं वाटतं.

१९६६ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनच्या व्हॅन आबे संग्रहालयात प्रकाशकलेचं मोठं प्रदर्शन भरलं. आइंडहोव्हेन म्हणजे फिलिप्सचं गाव, दिव्यांवरच मोठं झालेलं. फ्लेविनने तिथे दोन आणि चार फुटी हिरव्या ट्यूबांची दोन कुंपणं दालनात एकमेकांना छेदत घातली. एवढा भाग ओलांडताच येईना. नाव दिलं ‘हिरव्याला छेदणारे हिरवे’, आणि अर्पण केलं हिरव्या रंगाशी वाकडं असलेल्या डच चित्रकार पीट मोंद्रियानला! असल्या हिरव्यात थोडा वेळ उभं राहिलं की डोळा सरावतो, हिरवं पांढुरकं वाटू लागतं आणि बाहेरचा साधा उजेड गुलाबी दिसतो. म्हणजे कामाचा अर्धा भाग बघणाऱ्याच्या डोळ्यात घडतो.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात जेम्स टरेल या दुसऱ्या अमेरिकन कलाकाराने सँटा मोनिकातलं बंद पडलेलं मेंडोटा हॉटेल भाड्याने घेतलं. खिडक्या रंगवून अंधार केला, आणि पुढे नेमकी छिद्रं ठेवून रस्त्यावरच्या मोटारींचे आणि सिग्नलचे दिवे खोलीत येऊ दिले. इथे दिवाही स्वतःचा नाही. ते काम उचलून दुसऱ्या शहरात नेता येणं शक्यच नव्हतं.

फ्लेविनचं शेवटचं काम मिलानमधल्या एका चर्चसाठी होतं. तिथल्या धर्मगुरूंनीच त्याला पत्र लिहून बोलावलं होतं. मुख्य दालनात हिरवा-निळा, आडव्या भागात गुलाबी, वेदीमागे सोनेरी, असा आराखडा त्याने नोव्हेंबर १९९६ मध्ये मृत्यूच्या दोन दिवस आधी पुरा केला. ट्यूबा लागल्या पुढच्या वर्षी.

त्यानंतरची एक गंमत सांगायलाच हवी. लंडनच्या एका गॅलरीने फ्लेविनचं काम ब्रिटनमध्ये आणलं, तेव्हा खोक्यांत सुट्या पट्ट्या आणि ट्यूबा निघाल्या. जकातवाल्यांनी त्यांना दिव्याचं सामान ठरवलं. २००८ मध्ये ब्रिटिश न्यायाधिकरणाने हे शिल्पच आहे, पाच टक्केच कर घ्या, असा निकाल दिला. पण ब्रिटन तेव्हा युरोपियन संघात होता, आणि २०१० मध्ये संघाच्या युरोपियन आयोगाने नियम काढून तो उलटवला. आयोगाचं म्हणणं असं की कला ही मांडणी नव्हे, ती चालू केल्यावर जो प्रकाश पडतो ती कला. पण प्रकाश काही खोक्यात भरून आलेला नव्हता, तेव्हा कर बसला तो पट्ट्यांवर, पूर्ण दराने.