उतारवयातला पियानो: रेकॉर्ड घेण्याआधी एवढं वाचा

सप्रेम नमस्कार.

पियानोची रेकॉर्ड दाखवली की बरेच ग्राहक विचारतात, "ही म्हातारपणची का? तरुणपणची दाखवा ना." तरुणपणची जरूर घ्या. पण मोठ्या वादकाची शेवटच्या काळातली स्टुडिओ रेकॉर्डिंग बाजूला ठेवू नका, असं आम्ही आग्रहाने सांगतो. बोटांचा वेग उतरतो, हे खरं. मात्र सूर किती वेळ रेंगाळू द्यायचा, डाव्या हाताचे सूर कुठे ठळक करायचे, याची जाण तिथेच सर्वांत स्पष्ट ऐकू येते. उतारवयातले मल्लिकार्जुन मन्सूर ज्यांनी ऐकलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय स्टुडिओत दमलं की थांबता येतं, एखादा भाग पुन्हा वाजवता येतो. थकलेल्या शरीराला ही मोठी सोय असते.

सुरुवात पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांच्यापासून करा. संगीतकार शोपँची नॉक्टर्न (रात्रीच्या शांत भावाच्या छोट्या पियानो-रचना) त्यांनी तीनदा रेकॉर्ड केली. पहिल्यांदा १९३६-३७ मध्ये, ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्यांवर, जिथे एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपायची. तिसऱ्यांदा १९६५ आणि १९६७ मध्ये रोमला, स्टिरिओत. तेव्हा वय ऐंशीला आलेलं. पहिल्या आणि तिसऱ्या संचातलं ओपस ९, क्रमांक २ हे नॉक्टर्न पाठोपाठ ऐका. सुरावटीतल्या छोट्या नक्षीकडे लक्ष द्या: जुन्या मुद्रणात ती झरकन निघून जाते, नंतरच्यात एकेक सूर जागेवर बसतो. आमच्या मते घरात एकच संच ठेवायचा तर हा तिसरा.

दुसरे पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ. त्यांचं शेवटचं रेकॉर्डिंग स्टुडिओत नव्हे, न्यूयॉर्कच्या त्यांच्या राहत्या घरी झालं. २० ऑक्टोबर १९८९ ला काम सुरू झालं, १ नोव्हेंबरला संपलं आणि ५ तारखेला ते गेले. वय ८६. त्यातल्या बहुतेक रचना त्यांनी आधी कधीच रेकॉर्ड केल्या नव्हत्या! सुरुवातीची हायडनची सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना) ऐकताना इतकं हलकं, खेळकर बोट या वयात कुठून आलं, असं वाटत राहतं. हे ध्वनिमुद्रण मुळातच डिजिटल आहे, त्यामुळे सीडी घ्या. तबकडीसाठी दुप्पट पैसे मोजू नका, आमच्याकडे असली तरी.

खरेदी करताना मागचं कव्हर वाचाच. छापलेलं साल बऱ्याचदा प्रकाशनाचं असतं, रेकॉर्डिंगचं वेगळं. पियानोवादक ग्लेन गूल्ड यांची बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (एकाच मूळ रचनेची बदलती रूपं) १९५५ ची आणि १९८१ ची, अशी दोन आहेत. पहिलं साधारण ३८ मिनिटांचं, दुसरं ५१. सगळा फरक संथपणाचा नाही; दुसऱ्यात काही भाग त्यांनी परत वाजवले आहेत. दोन्हींत मागे त्यांचं गुणगुणणं ऐकू येतं. तो रेकॉर्डचा दोष समजून परत आणू नका.

मुंबईच्या पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते. तबकड्या उभ्या ठेवा, भिंतीला टेकवू नका, सुई वेळेवर बदला.

पियानोचे हळू सूर रस्त्याच्या आवाजात हरवतात. म्हणून दुकानात ऐकून घ्यायचं असेल तर फोन करून या. सकाळी गल्लीत वर्दळ कमी असते, तेव्हाची वेळ देऊ.