भाजलेला हात आणि लॅव्हेंडरचं पिंप: खरं काय घडलं?

फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मॉरिस गात्फोसे यांचा हात प्रयोगशाळेत भाजला, पाणी समजून त्यांनी तो शेजारच्या लॅव्हेंडर तेलाच्या पिंपात बुडवला आणि हात डागही न राहता बरा झाला, ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. ती चुकीची आहे.

त्यांच्या 1937 च्या ‘अरोमाथेरपी’ या पुस्तकातला वृत्तांत वेगळा आहे. जुलै 1910 मध्ये स्फोट झाला, अंगाला आग लागली आणि त्यांनी हिरवळीवर लोळून ती विझवली. पुढे जखमांत गॅस गँगरीन (मांस कुजवणारा जंतुसंसर्ग) पसरू लागलं, तेव्हा त्यांनी जखमा लॅव्हेंडरच्या अर्कानं धुतल्या. म्हणजे पिंप नाही, चुकून हात बुडवणंही नाही. सुगंधी तेलांच्या जाणकारानं समजून-उमजून केलेला तो उपाय होता, आणि तोही जंतुसंसर्गावर, ताज्या भाजण्यावर नव्हे.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण गोष्ट ऐकून लोक पोळलेल्या कातडीवर थेट तेल ओततात. तेलानं आतली उष्णता उतरत नाही. शिवाय बाटली उघडी राहिली की त्यातलं लिनॅलूल हे सुगंधी द्रव्य हवेशी संयोग पावतं आणि कातडीला ॲलर्जी होऊ शकते.

पोळल्याबरोबर अंगठी-बांगड्या काढा. नळाच्या वाहत्या, साध्या गार पाण्याखाली भाग 20 मिनिटं धरा. दोन मिनिटांत हात काढून घेणं हीच नेहमीची चूक. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको. फोड फोडू नका. तळहाताएवढं किंवा चेहऱ्यावर, सांध्यावर भाजलं असेल, तर पाण्यानंतर थेट दवाखाना गाठा.