बोटीमागे ओढलेल्या फ्लायला फ्लाय म्हणायचं का?

ओरेगन आणि वॉशिंग्टनच्या किनाऱ्यापासून तीस-साठ मैल आत, उन्हाळ्यात पाणी 15-16 अंशांवर चढलं की अल्बकोर येतो. हा कुप्याच्याच (टूनाच्या) कुळातला, लांब पंखांचा, पांढऱ्या मांसाचा मासा. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस बांधून केलेलं नकली आमिष; ते खास काठीने, फ्लायरॉडने, दोरीसकट फेकायचं असतं. तिथले हौशी लोक फ्लायरॉडची दोरी बोटीमागे सोडतात, पाच-सहा नॉटच्या वेगाने फ्लाय ओढत निघतात, आणि कळप लागला की इंजिन थांबवून हाताने फेकू लागतात. यातली पहिली अर्धी गोष्ट नियमात बसत नाही. जागतिक विक्रम नोंदवणाऱ्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या मते फ्लाय टाकताना आणि ओढून घेताना बोट गिअरमध्ये असता कामा नये. ओढत नेलेली फ्लाय म्हणजे फ्लाय-फिशिंगच नव्हे.

कुप्याच्या बाबतीत मात्र इतिहास उलट बाजूने चालत आला आहे. पिसं किंवा केस बांधलेली गरी होडीमागे ओढणं हे इथलं मूळ काम आहे; फेकणं फार नंतरचं.

हवाई बेटांवर ‘आकू’ नावाच्या कुप्यासाठी ‘पा’ वापरत. मोत्याच्या शिंपल्याचा चकाकता दांडा, त्याला हाडाचं टोक आणि टोकापाशी डुकराच्या राठ केसांचा झुपका. हा झुपका नुसता शोभेचा नव्हता. तो आडवा बांधलेला असे, त्यामुळे पाण्यात ओढताना टोक वरच्या बाजूला राही. आमिष नाही, फक्त चमक आणि हालचाल. आजचा फ्लाय बांधणारा याहून वेगळं काय करतो?

आपल्या बाजूच्या समुद्रात लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयचे मच्छीमार गळ ओढत नाहीत. ते बारीक जिवंत मासे पाण्यात टाकून कुप्याला होडीपाशी खिळवून ठेवतात, वर पाणी शिंपडत राहतात आणि काठीला लावलेल्या, मासा अडकवून ठेवणारा उलटा काटा नसलेल्या चकचकीत गळाने मासा उचलून डेकवर आपटतात. दोरी सैल पडली की मासा आपोआप सुटतो आणि हात पुढच्या माशाला मोकळा होतो. मालदीवकडून आलेली ही रीत लक्षद्वीपच्या इतर बेटांवर पोहोचली ती 1960च्या आसपास, यांत्रिक होड्या आल्यानंतर. आपल्या कोकण किनाऱ्यावर कुपा, गेदर ही नावं घरची असली तरी तो येतो तो बहुतेक जाळ्यातूनच.

जपानमध्येही काठी आणि पिसांचा बिनकाटी गळ जुनाच. तिथून तो कॅलिफोर्नियात गेला. 1903 मध्ये सॅन पेद्रोत अल्बकोर डब्यात भरायला सुरुवात झाली आणि त्या धंद्याला मासे पुरवण्यात जपानी स्थलांतरितांचा मोठा वाटा होता. तिथेच टर्मिनल आयलंडवर त्यांची आख्खी वस्ती उभी राहिली. जपानशी युद्ध पेटल्यावर, फेब्रुवारी 1942 मध्ये, अमेरिकी सरकारने ती 48 तासांत रिकामी करायला लावली. माणसं गेली, पिसांचा गळ मात्र किनाऱ्यावर राहिला.

याच किनाऱ्यासमोर, कॅटालिना बेटावर, हौशी खेळाची सुरुवात झाली. 1898 मध्ये चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी रॉड आणि रीळ वापरून 183 पौंडांचा ब्लूफिन टूना काढला आणि त्याच वर्षी अॅव्हलॉनचा टूना क्लब स्थापला. हलक्या साधनांनी, माशाला संधी देऊन पकडायचं, ही त्यांची भूमिका. पण तिथे फ्लाय नव्हती. गळाला खरे मासे लावत.

खाऱ्या पाण्यात फ्लायचा नाद खरा वाढला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकन फ्लाय-मच्छीमार लेफ्टी क्रे यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक खाडीतल्या स्ट्राइप्ड बास माशासाठी ‘डिसीव्हर’ नावाची फ्लाय बांधली. लांब पिसं गळाच्या मागच्या टोकाला बांधली, म्हणजे फेकताना ती वळणात अडकत नाहीत. 1962 मध्ये डॉ. वेबस्टर रॉबिन्सन यांनी पनामाजवळ सेलफिश हा मोठा मासा फ्लायवर काढला. त्यांची युक्ती अशी: बिनगळाचं आमिष बोटीमागे ओढायचं, मासा चिडून जवळ आला की आमिष खेचून घ्यायचं, बोट न्यूट्रलमध्ये टाकायची आणि मग फ्लाय फेकायची. म्हणजे ट्रोलिंग (बोटीमागे ओढणं) आहेच, फक्त त्याला गळ नाही. 1965 मध्ये सॉल्टवॉटर फ्लाय रॉडर्स ऑफ अमेरिका ही संस्था निघाली, 1978 मध्ये तिची विक्रमांची नोंदवही इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनकडे गेली. बंद गिअरची अट आज त्याच नियमावलीत आहे.

विक्रमापुरती ही अट मला पटते. इंजिनाने ओढलेल्या गळावर फेकण्याचं कौशल्य मोजता येत नाही. पण तेवढ्यावरून ओढायच्या फ्लायला हलकं लेखणं चुकीचं आहे, कारण ती बांधणं जास्त कठीण आहे. सहा नॉटला सैल बांधलेली फ्लाय भोवऱ्यासारखी फिरते आणि दोरीला पीळ बसतो. केस जास्त झाले तर ती पाण्यावर उड्या मारते. म्हणून हरणाच्या शेपटीचे केस विरळ घ्यायचे, वजन नाकाशी ठेवायचं, डोक्यावरच्या दोऱ्याला इपॉक्सीचा लेप द्यायचा. रंग तर थेट धंदेवाल्या अल्बकोर बोटींच्या जिगवरून (ओढायच्या नकली आमिषांवरून) आले आहेत: उजाडताना जांभळा-काळा, दिवस वर आला की हिरवा-पिवळा ‘झुकिनी’ आणि ‘मेक्सिकन फ्लॅग’ नावाचा रंगमेळ.